दहा बाय बारात ड्रम्स

पिंपरी-चिंचवडमध्ये सध्या जुने ॲनालॉग मिक्सर बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. बेहरिंगरचा एक्स३२ हा डिजिटल मिक्सर २०१२ साली आला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत लग्नं, ऑर्केस्ट्रा, गणपती आणि प्रचारसभा करणारे साउंडवाले एकेक करून डिजिटलकडे वळले. त्यांचे सोळा-चोवीस चॅनेलचे यामाहा, साउंडक्राफ्ट, ॲलन अँड हीथ, स्टुडिओमास्टर गोदामात ताडपत्रीखाली गेले. ते विकत घेतोय कोण? कॉलेजात असताना बँडमध्ये वाजवणारा आणि आता चाकणच्या एखाद्या कंपनीत क्वालिटीला किंवा मेंटेनन्सला लागलेला मुलगा. त्याच्याकडे थोडे पैसे आलेत, ड्रमसेट गावाहून आणून ठेवलाय, आणि यूट्यूबवर त्याने ऐकलंय की ॲनालॉगचा आवाज ‘गरम’ असतो.

या मिक्सरवर घरच्या घरी ड्रम्स रेकॉर्ड होतात का? होतात, आणि चांगले होतात. पण या सगळ्या खटाटोपात मिक्सरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. त्याच्या आधी शेजारी, वीज, खोली आणि माईक येतात. या औद्योगिक पट्ट्यात तर शेजारी आणि वीज हेच अर्धं रेकॉर्डिंग ठरवतात. मिक्सरच्या चर्चेत तासन् तास घालवणारी मंडळी हे दोन विषय टाळतात, म्हणून मी सुरुवात तिथूनच करतो.

त्याही आधी, इथे ड्रम्स म्हणून वाजतं काय ते पाहिलेलं बरं. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचं आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह इथे होणाऱ्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत ड्रमसेटची जागा ऑक्टोपॅडने केव्हाच घेतली. रोलँडने पहिला ऑक्टोपॅड १९८५ साली काढला. आठ रबरी चौकोन, त्यातच किक, स्नेअर, झांजा, ढोलक, टाळी, सगळं. तो रेकॉर्ड करायला दोन केबल पुरतात आणि शेजाऱ्याला फक्त काठीची टकटक ऐकू येते. या लेखातल्या निम्म्या अडचणी ऑक्टोपॅडवाल्याला नाहीतच. त्याने मिक्सरच्या दोन लाईन इनपुटांत वायरी खोचाव्यात, डावा-उजवा पॅन करावा आणि पुढे वाचलं नाही तरी चालेल.

खरा ड्रमसेट या भागात चर्चमध्ये, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये आणि फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमींत टिकून आहे. त्याच्या दसपट ढोल-ताशे आहेत. श्रावण लागला की नदीकाठ, पुलाखालची जागा, मोकळी मैदानं पथकांच्या सरावाने भरून जातात. आणि चाकणहून थोड्या अंतरावर आळंदी आहे, जिथे १९१७ साली जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिथून शिकून आलेले पखवाजवादक मोशी-दिघीच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि भजनं, अभंग घरी रेकॉर्ड करतात. ड्रमसेट, ताशा, पखवाज यांच्या अडचणी वेगवेगळ्या आहेत, पण तिघांनाही खोली तीच आणि शेजारी तोच.

तर शेजारी. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. पुण्याच्या सदाशिव पेठेत हे वेळापत्रक चालून जाईल. मोशी, चिखली, रावेतमध्ये ते लंगडं पडतं, कारण इथला दिवस पाळ्यांवर चालतो. तिसरी पाळी करून आलेला माणूस सकाळी आठला पडदे ओढून झोपतो आणि दुपारी दोन-तीनला उठतो. कायद्याने जो दिवस आहे, ती त्याची मध्यरात्र. शिवाय त्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे ‘आम्ही रविवारी अकरा ते एकच वाजवतो’ हा खुलासाही नेहमी उपयोगाचा नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी विचारून वाजवणारा ड्रमर मी कमी पाहिलाय, आणि जो विचारतो त्याचं रेकॉर्डिंग बहुधा पूर्ण होतं. यापेक्षा स्वस्त साउंडप्रूफिंग नाही.

आता आकडे. मन लावून वाजवलेला ड्रमसेट खोलीत १०५ डेसिबलच्या आसपास जातो. दोन्हीकडून गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत त्यातले साधारण ५० डेसिबल अडवते. चार इंची भिंत त्याहून बरीच कमी. पण खोलीला भिंतीच तेवढ्या नसतात. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी फटींसकट २०-२५ डेसिबल अडवते, साधं फ्लश डोअर त्याच माळेतलं. म्हणजे भिंत कितीही दणकट असली तरी खिडकीतून ८० डेसिबल बाहेर पडतात. फोमच्या पिरॅमिडवाल्या लाद्या भिंतीला चिकटवणारे नेमकं हेच विसरतात. फोम खोलीतली गुंज कमी करतो. आवाज बाहेर जाणं थांबवायचं तर वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. खिडकीच्या चौकटीत बसेल असा १८ मिलिमीटर प्लायचा, कडेने रबरी पट्टी लावलेला दाबून बसवायचा पल्ला हे सुताराचं एका दिवसाचं काम आहे आणि खोलीभर फोम लावण्यापेक्षा त्याचा फायदा कितीतरी जास्त. अंड्यांच्या ट्रेबद्दल काही बोलायला नको. त्या अंड्यांसाठीच ठेवाव्यात.

नव्या टॉवरमध्ये आणखी एक गंमत होते. वाकड, पुनावळे, मोशीतल्या अनेक इमारती मायवान पद्धतीच्या आहेत, म्हणजे भिंत आणि स्लॅब एकसंध काँक्रीटचे. हवेतून जाणारा आवाज अशा भिंतीत चांगला अडतो. पण किकच्या पेडलचा ठोका हवेतून जातच नाही. तो पायातून लादीत, लादीतून स्लॅबमध्ये आणि तिथून खाली तीन मजले जातो. खालच्या माणसाला झांजा ऐकू येत नाहीत, फक्त धप-धप ऐकू येतं, आणि तेच जास्त डोक्यात जातं. उपाय जगभर ड्रमर करतात तोच: दोन प्लाय, मध्ये टेनिस बॉल, वर सेट. इथे मेंटेनन्सवाली मंडळी भोसरीतून लेथखाली घालायचे अँटी-व्हायब्रेशन पॅड आणतात, आणि तिथे फसतात. ते पॅड टनभर वजनासाठी केलेले असतात. ड्रमर आणि सेट मिळून सव्वाशे-दीडशे किलो. एवढ्याने तो पॅड दबतच नाही आणि न दबलेला पॅड दगडासारखा ठोका जसाच्या तसा खाली पोचवतो. मऊ आणि हलक्या वजनाचा पॅड घ्या, नाहीतर टेनिस बॉलच बरे.

हे सगळं करून खालचा मजला शांत होईल असं नाही. त्यामुळे माझं मत असं की या पट्ट्यात ड्रमसेट फ्लॅटमध्ये नव्हे, गाळ्यात रेकॉर्ड करावा. भोसरी, तळवडे, चिखली भागात कुणाच्या ना कुणाच्या मामाचा, मित्राचा, जुन्या बॉसचा गाळा असतोच. औद्योगिक क्षेत्रात त्याच नियमांनुसार दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मुभा आहे. शेजारी माणसं नाहीत, प्रेस आणि ग्राइंडर आहेत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उंची. फ्लॅटचं छत साडेनऊ फुटांवर संपतं, गाळ्याचा पत्रा अठरा-वीस फुटांवर असतो. ड्रम्सना उंची मिळाली की झांजांचा आवाज मोकळा होतो, हे अक्षरशः कुठल्याही माईकवर ऐकू येतं.

अडचणी आहेत. पत्रा खणखणतो, त्यामुळे सेटच्या वर आणि दोन बाजूंना काहीतरी जाड टांगावं लागतं. पावसाळ्यात चार महिने विसरायचं. चालू दिवशी बाजूच्या पॉवर प्रेसचा ठोका जमिनीतून येतो आणि किकच्या माईकमध्ये बसतो. म्हणून गुरुवार. पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी एमआयडीसीतल्या गल्लीत कुत्रीसुद्धा रस्त्याच्या मधोमध झोपलेली असतात. रेकॉर्डिंगला याहून चांगला दिवस नाही, आणि नेमकी महावितरणची देखभाल-दुरुस्तीही गुरुवारी, कारण सुट्टीच्या दिवशी वीज घालवली तर कुणी ओरडत नाही. आदल्या दिवशी शटडाउनची सूचना पाहून ठेवावी आणि दुपारनंतरचा वेळ धरावा, हे इथल्या बँडवाल्यांना अनुभवाने कळलेलं आहे. गाळा स्वतःच्या रेकॉर्डिंगपुरता, मालकाच्या परवानगीने वापरायचा, हेही सांगायला हवं. औद्योगिक वीजजोडावर स्टुडिओचा धंदा मांडला तर विषय वेगळा होतो.

विजेचा प्रश्न शटडाउनपुरता नाही. ॲनालॉग मिक्सर वायरीतून येणारा प्रत्येक कचरा ऐकवतो. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालू असेल किंवा मोटरला तिचा वेग बदलणारा व्हीएफडी लावलेला असेल तर हेडफोनमध्ये चिरचिर येते. ती आणि अर्थिंगची घरघर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपायही वेगळे. सलग खर्जातली, ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर म्हणजे बहुधा ग्राउंड लूप: मिक्सर एका बोर्डावर, लॅपटॉप दुसऱ्या, आणि दोन्हींच्या अर्थमध्ये फरक. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणली की निम्म्या वेळा ती जाते. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा, घरघर थांबली तर गुन्हेगार सापडला. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजावा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग रेकॉर्डिंग. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कापणारे महाभाग मंडपात नेहमी दिसतात. ड्रमर घामेजलेला असतो आणि माईक धातूचा असतो, एवढंच सांगतो. चिरचिर मात्र वेगळी. तिला बॅलन्स्ड एक्सएलआर केबल, मेन्सच्या वायरीपासून माईकच्या वायरी लांब ठेवणं आणि शेजारचा वेल्डर जेवायला जाईपर्यंत थांबणं हेच उपाय. स्वस्त इन्व्हर्टरवर ॲनालॉग मिक्सर लावू नये. चौकोनी लहरीवर त्याचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि ते गुणगुणणं रेकॉर्ड होतं.

आता ज्यांना गाळा नाही त्यांच्यासाठी खोली. दहा बाय बाराची बेडरूम, साडेनऊ फुटी छत, म्हणजे आपल्याकडचा सर्वसाधारण स्टुडिओ. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्यावरून हिशेब केला तर दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झचा, बारा फुटांत ४७ चा आणि जमीन-छतामध्ये ५९ हर्ट्झचा सूर घुमतो. तिन्ही एकमेकांच्या जवळ आणि तिन्ही किक ड्रमच्या पोटातच. म्हणून अशा खोलीत किक एका कोपऱ्यात राक्षसी आणि दोन पावलं सरकलं की गायब वाटते. हे मिक्सरच्या ईक्यूने दुरुस्त होत नाही. सेट सरकवून होतं. खोलीच्या बरोबर मध्यावर कधीच बसू नये, एवढा नियम पाळला तरी बराच फरक पडतो.

वरच्या पट्टीतल्या गुंजेसाठी लागतं ते रॉकवूल, आणि इथे हा पट्टा उपयोगी पडतो. बॉयलर, ओव्हन, डक्ट यांच्या इन्सुलेशनसाठी रॉकवूल या भागात घाऊक विकलं जातं. ४८ किंवा ६४ किलो घनतेचे स्लॅब घ्यायचे, लाकडी चौकटीत बसवायचे, वर कापड ताणायचं. दोन इंची एक थर पुरत नाही, चार इंच हवेत. हात लावताना मास्क आणि हातमोजे. असे सहा-आठ पॅनेल सेटभोवती उभे केले आणि ड्रमरच्या डोक्यावर दोन टांगले की खोली ‘बाथरूम’ राहत नाही. चौकटीचं लाकूड कंपन्यांतून निघणाऱ्या पॅकिंगच्या पेट्यांचं चालतं. चाकणच्या रस्त्याला अशा पाइनवुडचे ढीग लागलेले असतात. कुदळवाडीच्या भंगारपेठेत हे सगळं एका फेरीत मिळायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली बांधकामं मोठ्या प्रमाणात पाडली, तेव्हापासून शोधाशोध वाढलीय.

खोलीला इतकं महत्त्व का, याचं एक उदाहरण जवळचंच आहे. अजय-अतुल यांचं बालपण राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर या भागात गेलं. २०१६ च्या ‘सैराट’साठी त्यांनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. माईक आणि मिक्सर मुंबईतही तोलामोलाचे होते. तिथे गेल्यावर मिळाले ते तसे वादक आणि तशी खोली. उलटं उदाहरण इंग्लंडचं. लेड झेपेलिनचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे १९७१ सालचं गाणं. जॉन बॉनमचे त्यातले ड्रम्स आजही जगभर उसने घेतले जातात. ते हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या जिन्याखालच्या प्रवेशदालनात वाजले, आणि अँडी जॉन्स या रेकॉर्डिस्टने वरच्या मजल्यावरून बायरडायनॅमिकचे एम१६० जातीचे फक्त दोन माईक खाली सोडले होते. निगडी प्राधिकरणात दुमजली बंगल्यांचे जिने आहेत. १९७२ साली प्राधिकरण झालं तेव्हापासूनची जुनी, जाड भिंतींची घरं त्यात आहेत. मालक ज्येष्ठ नागरिक असतात आणि दुपारी झोपतात, ही एक अडचण. पण ज्याच्या आजोबांचा बंगला तिथे आहे त्याने मिक्सर घेण्याआधी जिन्यात एक स्नेअर वाजवून ऐकावा.

इतकं झाल्यावर मिक्सर. पहिला आणि सगळ्यात महाग पडणारा गैरसमज यूएसबीचा. ‘यूएसबी मिक्सर’ असं छापलेले बहुतेक ॲनालॉग मिक्सर कॉम्प्युटरला फक्त दोन ट्रॅक देतात, डावा आणि उजवा. आठ माईक लावा की बारा, कॉम्प्युटरात पोचतं ते एकजीव झालेलं मिश्रण. नंतर ‘स्नेअर जरा वर घे’ म्हटलं तर घेता येत नाही. प्रत्येक चॅनेल वेगळा पाठवणारे ॲनालॉग मिक्सर आहेत, साउंडक्राफ्टचे सिग्नेचर एमटीके किंवा २०१८ पासून आलेले टॅस्कॅमचे मॉडेल मालिकेचे, पण ते गोदामात ताडपत्रीखाली सापडत नाहीत.

जुन्या मिक्सरमधून वेगवेगळे ट्रॅक काढायचे तर तीन वाटा. मागे डायरेक्ट आउट असतील तर प्रश्न मिटला. ते थेट आठ इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसला जोडायचे. ते नसतील तर इन्सर्टचं भोक वापरायचं. त्यासाठी एक केबल घरीच करता येते: स्टिरिओ जॅकची टिप आणि रिंग एकमेकांना डाखून टाकायची, तिथून एक वायर पुढच्या मोनो जॅकच्या टिपला, स्लीव्ह स्लीव्हला. सिग्नल मिक्सरमध्ये चालू राहतो आणि त्याची एक प्रत बाहेरही मिळते. बहुतेक मिक्सरांत इन्सर्ट ईक्यूच्या आधी असतो, त्यामुळे गेन रेकॉर्ड होतो, ईक्यू होत नाही, हे लक्षात ठेवायचं. तिसरी वाट सबग्रुपची. चार सबग्रुपच्या मिक्सरवर किक पहिल्यात, स्नेअर दुसऱ्यात, डोक्यावरचे दोन माईक तिसऱ्या-चौथ्यात. चार इनपुटचा स्वस्त इंटरफेस पुरतो, आणि ईक्यूसकट रेकॉर्ड होतं.

मला ही तिसरी वाट सगळ्यात आवडते, आणि ॲनालॉग मिक्सर घेण्याचं खरं कारणही तिच्यातच आहे. इथे निर्णय आत्ता घ्यावा लागतो. टॉम्सचा आवाज किती, झांजा किती तेज, हे रेकॉर्ड करतानाच ठरतं. बीटल्सच्या वेळी ॲबी रोडच्या रेड ५१ मिक्सरला माईकचे आठच इनपुट होते, आणि १९६६ साली ‘टुमॉरो नेव्हर नोज’साठी जेफ एमरिक यांनी रिंगो स्टारच्या किकमध्ये लोकरीचा स्वेटर कोंबून माईक अगदी जवळ नेला. ड्रम्सचा आवाज माईकपुढे घडवायचा, नंतर कॉम्प्युटरात नव्हे, ही सवय अशा मिक्सरने लागते. कधी मिक्सर स्वतःच वाद्य होतो. १९८० च्या सुमारास ह्यू पॅडगम यांनी एसएसएल मिक्सरच्या बोलण्याच्या माईकवरचा कंप्रेसर फिल कॉलिन्सच्या ड्रम्सना लागलेला ऐकला, आणि त्यातून त्या दशकाचा तो कापल्यासारखा थांबणारा ड्रम्सचा आवाज निघाला.

‘गरम’ आवाजाबद्दल मात्र मी शंकेखोर आहे. नीव्हच्या जुन्या मिक्सरची जी ख्याती आहे ती त्यातल्या ट्रान्सफॉर्मर आणि क्लास-ए सर्किटची. आपल्या गोदामातल्या मिक्सरमध्ये ४५५८ किंवा ५५३२ ही ऑपॅम्पची चिप असते, जी जमेल तितकं स्वच्छ काम करते आणि गेन फार वाढवला की तुटक कर्कश होते. त्यात गोडवा नाही. तो स्वच्छ राहावा म्हणून चॅनेलचा मीटर शून्याच्या आसपास खेळता ठेवावा आणि कॉम्प्युटरातली शिखरं उणे दहाच्या वर जाऊ देऊ नयेत. चोवीस बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये कमी लेव्हलची भीती बाळगायचं काही कारण नाही. टेपवर रेकॉर्ड करण्याचा विचार असेल तर टेप, हेडची देखभाल आणि सुटे भाग यांचा हिशेब आधी मांडावा. तो मांडल्यावर बहुतेक जण परत लॅपटॉपकडे येतात.

माईक किती? छोट्या खोलीत तीन किंवा चार. ग्लिन जॉन्स, म्हणजे वर आलेल्या अँडी जॉन्सचे थोरले बंधू, यांची पद्धत फ्लॅटला सगळ्यात मानवते. एक माईक स्नेअरच्या बरोबर वर, साधारण साडेतीन फुटांवर. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने, टॉमच्या कडेपेक्षा वीतभर वर, स्नेअरकडे रोखलेला. आणि यातली खुबी दोरीची: दोरीचं एक टोक स्नेअरच्या मधोमध धरायचं, दुसरं पहिल्या माईकपर्यंत ताणून गाठ मारायची आणि त्याच गाठीवर दुसरा माईक आणायचा. अंतर एक झालं की स्नेअर दोन्ही माईकांत एकाच क्षणी पोचतो आणि पोकळ वाटत नाही. तीन इंचांचा फरकही पाव मिलिसेकंदाचा होतो आणि स्नेअरचा वरचा कुरकुरीतपणा खातो. तिसरा माईक किकला. चौथा हवा असेल तर स्नेअरजवळ. छत साडेनऊ फुटांवर असताना वरच्या माईकला छतावरून परतलेला आवाज साधारण सात मिलिसेकंद उशिरा येऊन मिळतो, म्हणून डोक्यावरची ती रॉकवूलची पॅनेल. स्नेअरच्या खालून माईक लावला तर त्याच्या सिग्नलची दिशा उलटवावी लागते आणि स्वस्त मिक्सरवर तशी कळ नसते. एक्सएलआर केबलच्या एका टोकाला दोन आणि तीन नंबरच्या पिना अदलाबदल करून डाखल्या की झालं. त्या केबलला लाल टेप गुंडाळून ठेवा, नाहीतर पुढच्या कार्यक्रमात ती गायकाच्या माईकला लागेल.

ढोल-ताशाला यातलं फारसं लागू नाही. ताशाची काडी चामड्यावर नाही, ताणलेल्या पातळ पानावर पडते आणि तिचा आवाज इतका तीक्ष्ण असतो की जवळच्या माईकचं पीक लाईट पहिल्याच ठोक्याला पेटतं. मिक्सरवर पॅडची कळ असेल तर दाबा, नसेल तर माईक चार-पाच फूट मागे घ्या. ढोलाला दोन बाजू, टिपरूची आणि थापीची. एकाच माईकने एकच बाजू येते आणि ऐकणारा म्हणतो की दुसरी कुठे गेली. पण मूळ मुद्दा असा की पथकाचा आवाज हा एका ढोलाचा आवाज नसतोच. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ साली पुण्यातल्या पथकांना प्रत्येकी तीस जणांची मर्यादा घातली आणि त्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या वादात पथकवाले हेच सांगत होते की वाद्यं कमी केली तर ते पथक राहत नाही. घरात तीन ढोल आणि एक ताशा यांच्यावर चार-पाच थर चढवून पथक उभं करता येतं, संगीतकार करतातही. मात्र प्रत्येक थराला वादकांनी जागा बदलायला हव्यात, नाहीतर ते एकाच माणसाचं पाच वेळा वाजवणं वाटतं. खुल्या मैदानावर, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीतून दोन माईकांनी घेतलेलं रेकॉर्डिंग मला त्यापेक्षा जास्त खरं वाटतं.

पखवाजाला उलट घरच बरं. आवाज मोठा नाही, खालच्या मजल्याला त्रास नाही, दोन माईक पुरतात. डाव्या धुम्याला लावलेली कणीक सुकत जाते तसा खर्ज चढतो, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगमध्ये पहिला आणि शेवटचा तुकडा जुळत नाही. मध्ये थांबून कणीक ओली करणं आणि सूर पुन्हा मिळवणं हे वेळापत्रकातच धरावं. पंखा बंद, एसी बंद. मे महिन्यात मोशीत हे बोलायला सोपं आहे.

शेवटी जुना मिक्सर विकत घ्यावा का. ज्याच्या हाताला सोल्डरिंग येतं त्याने जरूर घ्यावा. हा पट्टा पॅनेल वायरमन, इन्स्ट्रुमेंटेशन टेक्निशियन आणि आयटीआय झालेल्या मुलांचा आहे. खरखरणारा फेडर, सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, सैल झालेला रिबन कनेक्टर ही त्यांची रोजचीच कामं. डिजिटल मिक्सरचा बोर्ड गेला की तो कंपनीकडे जातो. हा मिक्सर टेबलावर उघडून, एकेक चॅनेल तपासून दुरुस्त करता येतो. घेताना प्रत्येक चॅनेलला माईक लावून गेन तळापासून माथ्यापर्यंत फिरवून ऐकावा, फँटम चालू करून बंद करावा, आणि सोबत मूळ पॉवर सप्लाय आहे ना हे पाहावं. काही मिक्सरचा सप्लाय वेगळ्या डब्यात असतो आणि तो हरवला की बाकीचं यंत्र सुट्या भागांच्या किमतीत घ्यायचं. सोल्डरिंग ज्याला येत नाही, फक्त ड्रम्स वेगवेगळ्या ट्रॅकवर हवेत, त्याने पंचवीस-तीस हजारांच्या आसपास मिळणारा आठ प्रीॲम्पचा इंटरफेस घ्यावा आणि उरलेल्या पैशांत ड्रम्सची नवी पानं. झिजलेलं पान कुठल्याच मिक्सरवर चांगलं वाजत नाही, आणि ड्रमसेट लावून घ्यायचा तर पहिल्या टेकच्या आधी, शेवटच्या आधी नाही.